साबड्यांची शिसारी

श्रीकांत साबडे यांना खऱ्या घाणीचा कधी त्रास झाला नाही. कोपरापर्यंत काळं तेल माखलेल्या हातांनी ते पंपाच्या पोटात चाचपत, बोटाला लागलेला गाळ अंगठ्यावर चोळून बघत, नाकाशी नेऊन हुंगत. त्यांना किळस यायची ती वेगळ्याच गोष्टींची. मशीनमधून येणाऱ्या चहाची. 'पॉझिटिव्ह' या शब्दाची. चूक झाली असं न म्हणता 'लर्निंग झालं' म्हणणाऱ्या माणसांची. गंजावर मारलेल्या ताज्या रंगाची तर फारच. असं काही समोर आलं की त्यांचं नाक वर चढे, डावा डोळा बारीक होई आणि तोंडातून 'शी!' असा आवाज निघे. तो ऐकून मीटिंगमधली अर्धी माणसं आपापल्या फायली चाळायला लागत.

जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये आम्ही एकत्र होतो. पंप, कंप्रेसर, जे जे म्हणून फिरतं त्याचे ते जाणकार. मी पुण्याहून नुकताच आलेलो. दोघंही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हौगांगला राहायचो, त्यामुळे सकाळी कंपनीची बस एकाच ठिकाणाहून पकडायचो. पहिल्याच दिवशी ते माझ्या शेजारी येऊन बसले, बसच्या पडद्याचा वास घेऊन 'शी' म्हणाले आणि मग माझ्याकडे वळले.

"नाव काय तुझं?"

"निखिल, सर."

"कशाचा राग येतो तुला?"

मी म्हटलं, "तसा मी शांत स्वभावाचा आहे."

"मग इथे काय करणार?" साबडे म्हणाले. "ज्याला काही खुपत नाही त्यानं यंत्राजवळ जाऊ नये रे. दुसरं काहीही करावं."

मला तेव्हा तो विक्षिप्तपणा वाटला. पुढे एका शटडाऊनमध्ये, म्हणजे सगळा प्लांट थांबवून दुरुस्त्या करतात त्या दिवसांत, या वाक्याचा अर्थ कळला. काम आटोपत आलं होतं आणि डेस्मंड, आमचा मॅनेजर, प्लांट लवकर सुरू करायच्या घाईत होता. एका पाइपच्या जोडावरचे बोल्ट कंत्राटदारानं हिरव्यागार रंगानं रंगवले होते. लांबून पाहिलं तर दृष्ट लागावी असे. साबडे जवळ गेले, खिशातून घराची किल्ली काढली आणि एक बोल्ट खरवडायला लागले. रंगाखाली गंज, गंजाखाली पुन्हा गंज. शेवटी बोल्टचं डोकंच खपलीसारखं सुटून त्यांच्या हातात आलं.

"साबडे, इट्स कॉस्मेटिक ओन्ली लाह," डेस्मंड इथल्या लोकांचं ते 'लाह'चं शेपूट लावून म्हणाला.

साबड्यांनी त्याचा हात धरला, पालथा होता तो उताणा केला आणि तो गंजाचा भुगा त्याच्या तळहातावर ठेवला. "होल्ड," म्हणाले. "होल्ड युवर कॉस्मेटिक."

सगळे बोल्ट बदलले गेले. प्लांट उशिरा सुरू झाला. साबड्यांना त्या वर्षी बढती मिळाली नाही, आणि त्याचं त्यांना काही वाटल्याचं दिसलं नाही. डेस्मंडनं पांढऱ्या रुमालाला हात पुसले एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं. "शी! रुमाल खराब झाला म्हणून तोंड वाकडं केलं त्यानं. बोल्ट बघून नाही केलं."

असा माणूस घरी किती छळत असेल असं कुणालाही वाटेल. पण घरी सुमनवहिनी होत्या. वहिनी ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, नवऱ्याच्या प्रत्येक 'शी'ला खदखदून हसणाऱ्या. मी आणि माझी बायको मेघना पहिल्यांदा त्यांच्या फ्लॅटवर जेवायला गेलो तेव्हा साबड्यांनी भेंडीच्या भाजीत चमचा बुडवून वर उचलला. "शी, तार सुटलीय!"

"मग लाळ कशाला गाळताय?" म्हणत वहिनींनी त्यांच्या पानात आणखी दोन डाव भाजी वाढली. साबड्यांनी ती सगळी खाल्ली.

"लग्नात अंतरपाट खाली गेला तेव्हा हे पहिला शब्द काय बोलले, ठाऊक आहे का?" वहिनी मेघनाला सांगत होत्या. "शी! मला वाटलं, झालं, मोडतंय आता लग्न. तर भटजींच्या तबकात शिळी फुलं होती."

"सडलेली होती," साबडे म्हणाले. "शिळी असती तर बोललो नसतो."

त्यांची मुलगी ईरा तेव्हा युनिव्हर्सिटीत होती. ती इथेच वाढलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. "पपा इज सो डिफिकल्ट, लाह," ती मान उडवून म्हणायची, आणि तिचं डिफिकल्ट म्हणतानाचं नाक हुबेहूब बापासारखं वर जायचं.

पुढे वहिनींना स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. निघाला तेव्हाच उशीर झालेला होता. साबड्यांनी रजा घेतली. मेघना फिजिओथेरपिस्ट, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात काम करते, तिच्याबरोबर मीही अधूनमधून त्यांच्या घरी जायचो. उलट्या, मलमूत्र, बिछान्याला धरलेला औषधांचा उग्र दर्प. साबडे सगळं स्वतःच्या हातानं काढत, पुसत, धूत. त्या दिवसांत त्यांच्या नाकावर एकही सुरकुती मी पाहिली नाही. एकदा मेघना म्हणाली, "काका, मी नर्सची सोय करते ना." तर तिच्याकडे न बघताच म्हणाले, "तिला लाज वाटते गं दुसऱ्यांची. माझी नाही वाटत."

वहिनी गेल्या. दिवस झाले. साबडे कामावर परतले. आणि बसमध्ये रडायला लागले.

हे रडणं लपूनछपून नव्हतं. खिडकीकडे तोंड करायचे, आणि बस हमरस्त्याला लागली की खांदे हलायला लागायचे. मोठ्यानं नाक शिंकरायचे. कधी माझ्याशी बोलता बोलता रडायचे आणि रडता रडता बोलणं पूर्ण करायचे. आयलंडच्या चेकपोस्टवर पास दाखवायची वेळ आली की तोंड पुसून घ्यायचे आणि दिवसभर नेहमीसारखं काम करायचे. कामात एक चूक नाही. त्याच दिवसांत त्यांनी एका कंप्रेसरचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखला होता. माणसाची बायको गेली होती आणि तो रडत होता. जगाच्या पाठीवर याहून साधी गोष्ट असेल का?

पण बसमधल्या लोकांना ती सोसेना. मागच्या सीटवरच्या मंडळींनी कानात इयरफोन घालायला सुरुवात केली. मग जागा बदलल्या. मग कुणीतरी डेस्मंडच्या कानावर घातलं की सकाळीसकाळी हे असं बघून दिवस खराब जातो. आमच्या कँटीनच्या भिंतीवर तेव्हा एक मोठं पोस्टर होतं: हसऱ्या चेहऱ्याची माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी, आणि खाली लिहिलेलं, मन मोकळं करा, आम्ही ऐकतोय. त्याच पोस्टरखाली बसून डेस्मंड मला म्हणाला, "निखिल, यू आर क्लोज टू हिम. टेल हिम, गेट सम हेल्प. इट्स अफेक्टिंग मोराल."

मी विचारलं, "हेल्प म्हणजे काय? त्यांची बायको गेलीय."

"दोन महिने झाले," डेस्मंड म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच काळजी होती, हेच मला आजही जास्त ओंगळ वाटतं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

शेवटी कामावर राहायचं असेल तर फिट असल्याचा डॉक्टरचा शेरा आणा, असं सांगण्यात आलं. कंपनीच्या यादीतल्या एका क्लिनिकमध्ये साबडे गेले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी मला सगळं सांगितलं.

"पडद्याकडे बघून विचारत होता. झोप लागते का? नाही. भूक? नाही. पूर्वी ज्यात आनंद वाटायचा त्यात वाटतो का? मी म्हटलं, पूर्वी जिच्यामुळे वाटायचा ती नाही आता. त्यानं खूण केली कुठेतरी. शी! मी आणखी सांगणार होतो, तर गोळ्यांची यादी छापायला प्रिंटर सुरू झाला."

"घेऊ नका मग गोळ्या," मी म्हटलं.

"ईरा मागे लागलीय." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "म्हणते, पपा, प्लीज, जस्ट ट्राय. घाबरलीय पोर. आई गेली, आता बापाचं काय होतंय म्हणून. आणि तो डॉक्टरही वाईट नव्हता रे. बाहेर माणसं खोळंबली होती त्याच्या."

त्यांनी गोळ्या सुरू केल्या. पहिले काही दिवस नुसती मळमळ. मग रडणं थांबलं. मागच्या सीटवरची मंडळी हळूहळू पुढे आली. गोळीनं झोप उडाली म्हणून झोपेची गोळी आली. झोपेच्या गोळीनं सकाळी डोळे उघडेनात म्हणून आणखी एक आली. त्या सगळ्यांनी पोट बिघडलं म्हणून पोटाची. माणूस थुलथुलीत दिसायला लागला. चालणं मंदावलं. बोलताना समोरच्याकडे बघायचे, पण त्याच्या पाठीमागे कुणी उभं असावं तसं.

एक दिवस कँटीनमध्ये त्यांनी मशीनचं बटण दाबलं, कागदी पेल्यात तो तपकिरी फेस घेतला, माझ्यासमोर बसले आणि प्यायले. सगळा. माझा घास तोंडातच राहिला. "सर, बरा आहे चहा?" मी मुद्दाम विचारलं.

"ठीक आहे," साबडे म्हणाले.

ऑफिसला आनंद झाला. 'ही इज सो मच नाइसर नाऊ,' असं मी निदान तिघाचौघांच्या तोंडून ऐकलं. मीटिंगमध्ये साबडे मान डोलवायचे. वर्षाअखेरच्या मूल्यमापनात, इतकी वर्षं ज्याच्याबद्दल 'सहकाऱ्यांशी जुळवून घेत नाही' असा शेरा यायचा, त्याला उत्तम टीम प्लेयर म्हणून शाबासकी मिळाली. ते त्यांनी मला निर्विकारपणे सांगितलं. रागीट कुत्र्याला भूल देऊन कोपऱ्यात निजवावं आणि मग घरी आलेल्या प्रत्येकानं, किती गुणी आहे हो, म्हणून त्याच्या अंगावरून हात फिरवावा, तसं चाललं होतं. शिसारी येण्याचं काम आता माझ्याकडे आलं होतं.

ईरालाही पहिल्यांदा बरंच वाटलं. "निखिलकाका, ॲट लीस्ट ही इज पीसफुल," ती म्हणायची. तिला नोकरी लागली होती, दिवसभर बाहेर असायची. बाप घरी शांत बसलेला आहे, एवढंच तिला हवं होतं. त्या मुलीला दोष द्यावासा मला कधी वाटलं नाही.

मग तो पंप आला. गरम तेल खेळवणारा मोठा पंप, कंत्राटदाराकडून दुरुस्त होऊन परत बसवलेला. पंपाचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो तिथून तेल गळू नये म्हणून एक सील बसवलेलं असतं. चाचणीच्या वेळी त्या सीलपाशी बारीक ओल होती आणि पंपाला हवी त्यापेक्षा जास्त थरथर होती. साबडे समोर उभे होते. पूर्वीचे साबडे असते तर कंत्राटदाराला घरी जाता आलं नसतं. या साबड्यांनी बघितलं, "ओके," म्हटलं आणि सही केली.

काही दिवसांनी ते सील फुटलं. गरम तेलाची चिळकांडी रोसलीच्या हातावर आली. रोसली आमचा ऑपरेटर, मलय माणूस, चेष्टेखोर, सगळ्यांना 'बॉस' म्हणणारा. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत कातडी सोलली गेली. तो वाचला, आग लागली नाही, हे नशीब. पण त्याची किंकाळी मी ऐकली आहे, आणि त्यानंतर कंपनीनं जी चौकशी केली तीही बघितली आहे. किंकाळी परवडली. निष्कर्ष निघाला: मानवी घटक, प्रशिक्षणाची गरज. आम्हां सगळ्यांना एका खोलीत बसवून रंगीत स्लाइड दाखवल्या. ज्या माणसाच्या बोटांना सगळ्या आयलंडवर तोड नव्हती, त्याला पंपाला हात कसा लावावा ते एका कोवळ्या प्रशिक्षकानं शिकवलं. साबडे कुठल्या गोळ्या घेतात, कुणाच्या सांगण्यावरून घेतात, हे कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी न राहवून म्हटलं, "सर, ती ओल तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली होती की," साबडे म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"थरथरही कळली हाताला. चुकलंय हे कळलं." ते शब्द शोधत होते. "पण खुपलं नाही रे. कळलं आणि... तिथेच राहिलं."

पण कुठेतरी आत, गोळ्यांच्या त्या गादीखाली, काहीतरी टोचलं असावं. कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुणाला न विचारता सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या. आठवडाभरात उठून उभं राहिलं की गरगरायला लागलं, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं व्हायला लागलं, घामानं अंथरूण भिजू लागलं. ईरा घाबरून त्यांना त्याच क्लिनिकमध्ये घेऊन गेली. तिथे सांगितलं, बघा, गोळ्या बंद केल्या की आजार उसळतो; म्हणजे आजार आहेच. डोस वाढवून दिला. साबडे पुन्हा ठीक झाले. आधीपेक्षाही ठीक.

वहिनींचं वर्षश्राद्ध आलं. ईरानं हट्टानं स्वयंपाक स्वतः करायचं ठरवलं. मेघना मदतीला होती. वहिनींच्या हातची अळूची भाजी प्रसिद्ध, म्हणून ईरानं लिटल इंडियातून पानं आणली, आईनं सांगितलेलं जेवढं आठवलं तेवढं केलं. चिंच बहुधा कमी पडली, किंवा पानंच खाजरी निघाली. गुरुजी आटोपून गेले, आम्ही जेवायला बसलो, आणि पहिल्याच घासाला माझा घसा खवखवला. मेघना खोकायला लागली. ईरानं घास तोंडात घातला आणि जीभ बाहेर काढून पाण्याकडे धावली. खजील होऊन हसत होती बिचारी. "सो सॉरी, सो सॉरी, डोन्ट ईट!"

साबडे खात होते. भातावर भाजी घेऊन शांतपणे, घासामागून घास. ताटातली संपली तेव्हा त्यांनी पुन्हा वाढून घेतली.

"पपा, इट्स इचिंग! कान्ट यू फील?"

"खाजतंय ना," साबडे म्हणाले. त्यांचे ओठ लाल झाले होते.

"देन व्हाय आर यू ईटिंग?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं. "छान झालीय," म्हणाले.

ईरा ताटावरून उठली. स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिली. मेघना तिच्यामागे गेली. मला बाहेर ऐकू येत होतं. ती मुलगी, जिच्या तोंडून मी कधी सलग दोन मराठी वाक्यं ऐकली नव्हती, हुंदके देत म्हणत होती, "ते कधीच छान म्हणत नव्हते. आईला पण नाही. मेघनाकाकू, माझे दोघंपण गेले गं."

बाहेर साबडे ताक पीत होते.

त्यानंतर मेघनानंच शोध घेतला. नोव्हेनाला डॉक्टर चिया म्हणून एक वयस्कर मानसोपचारतज्ज्ञ बाई आहेत, केस पांढरे, आवाज खरखरीत. ईरा वडिलांना घेऊन गेली आणि आधाराला म्हणून मलाही बरोबर घेतलं. बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "तुमची बायको कशाला हसायची?" साबडे बराच वेळ गप्प बसले. बाईही बसून राहिल्या. मग ते म्हणाले, "मला." आणि हळूहळू, अडखळत, अंतरपाटाची गोष्ट त्यांनी इंग्रजीत सांगितली. अंतरपाटाला इंग्रजी शब्द सापडेना, तर हातानं करून दाखवला.

मग बाईंनी ईराकडून गोळ्यांची पिशवी घेऊन टेबलावर रिकामी केली. एकेक पाकीट उचलून नीट बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला फार ओळखीचं वाटलं.

"मी या गोळ्या रोज लिहून देते," त्या म्हणाल्या. "काही माणसं यांच्यामुळेच जिवंत आहेत. त्यांनी बंद करतो म्हटलं तर मी त्यांच्यावर ओरडते. पण मिस्टर साबडे, तुमची बायको वारली आहे. त्याच्यावर माझ्याकडे औषध नाही. या गोळ्या तुम्हाला सोडायच्या असतील तर आपण सोडू, पण एकदम नाही. मागच्या वेळी जे झटके बसले तो तुमचा आजार नव्हता. शरीराला सवय लागलेली, ती ओरबाडून काढलीत म्हणून. आता सावकाश. फार सावकाश. आणि सांगून ठेवते, एक दिवस सगळं परत येईल. रडणंसुद्धा."

"येऊ दे," असं ईरा म्हणाली.

ते महिने वाईट होते. एकेक गोळी थोडी थोडी कमी व्हायची आणि प्रत्येक वेळी काहीतरी उसळायचं. घाम, थरथर, सकाळी उठल्यावर नुसतीच भीती. दोनदा तर बाईंनी मागे फिरून डोस पुन्हा थोडा वाढवला, महिनाभर थांबायला लावलं. असंच चाललं असताना एका रविवारी ईराचा फोन आला. ती हसतेय की रडतेय, कळेना.

"काका, ही स्कोल्डेड मी! सो लाँग ही स्कोल्डेड! आय वॉज युझिंग माय फोन व्हाइल ईटिंग, ही सेड, ताटाशी बसून हे काय, शी!"

साबडे जागे झाले आणि सगळ्यात आधी रोसलीकडे गेले. मी बरोबर होतो. रोसलीच्या हातावर नवी कातडी आली होती, ताणलेली, चकचकीत, कुठे फिकी कुठे गर्द. साबड्यांनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि त्या परक्या बैठकीच्या खोलीत, रोसलीच्या बायकोसमोर, ढसाढसा रडले. "आय सॉ इट, रोसली. आय सॉ, अँड आय साइन्ड." रोसली आपला दुसऱ्या हातानं त्यांच्या पाठीवर थोपटत होता. "ओके, बॉस. ओके, बॉस."

दुसरं काम ऑफिसात होतं. शेवटची गोळीही सुटली तेव्हा त्यांनी डेस्मंडकडे आणि एचआरच्या बाईंकडे भेटीची वेळ मागितली, आणि मला साक्षीला बसवलं. पंपाची ओल आपल्याला दिसली होती, कंपनीनं पाठवलेल्या क्लिनिकमधल्या गोळ्यांनी आपल्याला त्याचं काहीच वाटेनासं झालं होतं, आणि चौकशीच्या निष्कर्षात हे घालावं, असं त्यांनी सांगितलं. "प्रशिक्षण कमी पडलं हे खोटं आहे," ते म्हणाले. "उद्या दुसऱ्या कुणाला पाठवाल. तोही अशीच सही करील. पुन्हा कुणाचा तरी हात जाईल." बोलताना आवाज चढला होता. डोळ्यांत पाणी होतं. पण एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

डेस्मंड आणि एचआरच्या बाईंनी एकमेकांकडे बघितलं. मग डेस्मंड पुढे झुकला आणि आजाऱ्याशी बोलतात तसल्या मऊ आवाजात म्हणाला,

"श्रीकांत, आर यू स्टिल टेकिंग युवर मेडिकेशन?"

इतक्या वर्षांत माणसं एकमेकांना शिव्या देताना मी ऐकली आहेत, हमरीतुमरीवर आलेली पाहिली आहेत. पण त्या प्रश्नाइतकं हिडीस मी काही ऐकलेलं नाही. माणूस खरं बोलला की ते लक्षण, रडला की ते लक्षण, चिडला की मग तर विचारायलाच नको. गप्प बसून खोट्यावर सही केली की तो बरा.

"नो," साबडे म्हणाले. "दॅट इज व्हाय आय ॲम अशेम्ड. आणि तुम्हाला का नाही वाटत?" शेवटचं मराठीत आलं. ते त्यांनी पुन्हा इंग्रजीत सांगितलं नाही.

चौकशीचा निष्कर्ष आजही तोच आहे. साबड्यांनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. आमच्या विभागात नंतर एक मुलगी आली, तिचा घटस्फोट चालू होता, कामाच्या जागी एकदोनदा डोळे पुसताना दिसली. तिलाही कुणीतरी प्रेमानं त्याच क्लिनिकचा रस्ता दाखवला. आता ती छान हसते. सगळ्यांशी. मी एकदा तिच्याकडे डॉक्टर चियांचा विषय काढला, तर म्हणाली, "बट आय ॲम फाइन, निखिल." कँटीनमध्ये पोस्टर बदललं आहे; माणसं नवी आहेत, हसू तेच.

साबडे सांगलीला बहिणीकडे जायचं म्हणत होते. ते जाण्याच्या आधीच्या रविवारी सकाळी मी हौगांगच्या बाजारात भाजी आणायला गेलो होतो. शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मांडवात, गर्दी, एकही टेबल मोकळं नाही. एका टेबलावर साबडे एकटे बसलेले दिसले. समोर नूडल्सची वाटी. हाक मारणार, तेवढ्यात बघितलं की ते रडताहेत. खांदे हलताहेत, नाक गळतंय, वाटीला हातही लावलेला नाही. बाजूनं ट्रे घेऊन माणसं जाताहेत, मुलं धावताहेत.

एक म्हातारी चिनी आजी बाजाराची चाकांची पिशवी ओढत तिथे आली. इथे जागा राखायला टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात, तसं तिनं त्यांच्या समोरच्या खुर्चीपुढे ठेवलं आणि आपलं खाणं आणायला गेली. परत आली, बसली, आणि तिनं त्यांच्याकडे नीट बघितलं. नजर वळवली नाही. जागा बदलली नाही. काय झालं म्हणून विचारलंही नाही. पाकीट फोडलं, एक टिश्यू ओढून काढला आणि टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला. साबड्यांनी मोठ्यानं नाक शिंकरलं. तिनं दुसरा दिला.

मग आपल्या चॉपस्टिकनं तिनं त्यांची वाटी थोडी पुढे ढकलली.

"ईट, ईट," आजी म्हणाली. "कोल्ड ऑलरेडी."

साबड्यांनी मान हलवली आणि चमचा उचलला. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि हाक न मारताच घरी आलो.